एमडीएसनंतर स्वतंत्र संशोधक व्हायचं तर पगार कोण देणार?

मुखपृष्ठ
दंतवैद्यकातल्या संशोधनावर इथे याआधी जे बोलणं झालं ते "कुठल्या जर्नलात छापावं" यावरच येऊन संपलं. माझा प्रश्न वेगळा आहे.

सांगली-साताऱ्याकडच्या खासगी दंत महाविद्यालयात शिकवणारी एमडीएस (दंतवैद्यकात पदव्युत्तर) व्यक्ती धरा. वय पस्तिशीच्या आत, विषय मुखरोग निदान, पाच-सहा शोधनिबंध, त्यातले दोन बरे म्हणावेत असे. काम करायचं आहे ते मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) लावणाऱ्या बायकांच्या तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांवर. कुठला चट्टा पुढे बिघडणार, हे लाळेवरून कळतं का? बढतीपुरता एक प्रकल्प नको आहे, पुढची वीस वर्षं हेच करायचं आहे. अमेरिकेत दंतवैद्यांना 'के' नावाची अनुदानं मिळतात, म्हणजे पैसे प्रकल्पाला नाही तर माणसाला. आपल्याकडे तसं काय आहे, आणि अर्ज कुठे अडकतात? "परदेशी जा" हे उत्तर मिळणार हे गृहीत धरलंय, ते शेवटी द्या.

भडंगवाला
पगार कोण देणार? दुपारी ४ ते ९ चा दवाखाना. मार्गदर्शक, रूट कॅनाल. सहमार्गदर्शक, कॅप.

पैलतीर
भडंगवाला, हसलो, पण अडचण नेमकी तीच आहे.

'के' म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण ऐकीव माहितीत भेसळ फार. एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत दातांसाठी वेगळी संस्था आहे, एनआयडीसीआर. स्थापना १९४८ ची, आताचं नाव १९९८ पासूनचं. के-०८ आणि के-२३ ही मार्गदर्शकाच्या हाताखाली राहून घ्यायची अनुदानं, ३ ते ५ वर्षांची. प्रयोगशाळेतलं काम असेल तर ०८, रुग्णाला समोर बसवून असेल तर २३. दोन्हींना अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं, तिथेच आपल्याकडची मंडळी गळतात. के-९९/आर-०० ला ती अट नाही. पहिली एक-दोन वर्षं मार्गदर्शकाकडे, नंतरची तीन वर्षांपर्यंत स्वतःच्या नावावर. पण अर्ज करताना पीएचडीनंतरच्या संशोधनाची चार वर्षं उलटलेली नसावीत, संस्था अमेरिकेतलीच हवी, आणि पहिल्या टप्प्यातच प्राध्यापकीची नेमणूक पदरात पडली पाहिजे. नाही पडली तर दुसरा टप्पा सुरूच होत नाही.

आपल्या बीडीएसवाल्यांना फारसं ठाऊक नसलेलं दार म्हणजे टी-९०/आर-९०. ही अनुदानं विद्यापीठाला मिळतात. त्यातला आर-९० हा भाग नागरिक नसलेल्यांसाठी, परदेशात शिकलेल्या दंतवैद्यांसाठीसुद्धा असतो. अर्ज एनआयएचकडे नाही, थेट त्या विद्यापीठाकडे करायचा.

के-०८ आणि के-२३ मध्ये एक आकडा पक्का असतो, ७५ टक्के वेळ. वर्षातले नऊ महिने संशोधनाचे, आणि संस्थेला ते लिहून द्यावं लागतं. मुखपृष्ठ, तुम्हाला हेवा वाटायचाच तर डॉलरांचा वाटू देऊ नका, या आकड्याचा वाटू द्या.

अजिंक्यतारा
७५ टक्के! सहा दिवसांच्या आठवड्यात साडेचार दिवस झाले. उरलेल्या दीड दिवसात ओपीडी, बीडीएसची तुकडी, इंटर्नच्या वह्या, तपासणीची फाइल आणि गावोगावची शिबिरं. आमच्या साताऱ्यात याला रजा म्हणतात.

जावक_क्रमांक
आता आपल्याकडचं. फार लोक घोटाळा करतात म्हणून एक भेद आधी समजून घ्या. प्रकल्प अनुदान आणि व्यक्ती अनुदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, बाहेरच्या संस्थांना मिळणारी बहिःस्थ अनुदानं (लहान २ कोटींपर्यंत, मध्यम ८ कोटींपर्यंत) ही प्रकल्पाची. त्यातून संशोधन सहायक, रसायनं, उपकरणं, प्रवास हे सगळं निघतं. मुख्य संशोधकाचा पगार निघत नाही. तो संस्थेनं द्यायचा आणि वेळही संस्थेनंच मोकळा करायचा. एएनआरएफचं (केंद्राच्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचं) पंतप्रधान अर्ली करिअर रिसर्च ग्रँट नावाला करिअरचं आहे, पण जात तीच. तीन वर्षांना ६० लाखांपर्यंत आणि वर संस्थेचा वरखर्च, वय ४२ च्या आत (आरक्षित वर्ग आणि स्त्रियांना सवलत), नियमित पद हवं. एमडीएस चालते, पीएचडीच हवी असं नाही. इथेही पगार आपला आपण.

माणसाला पैसे देणारं, म्हणजे 'के'च्या सर्वांत जवळचं आपल्याकडे एकच आहे, इंडिया अलायन्स. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांनी मिळून २००८ साली सुरू केलेलं. क्लिनिकल आणि सार्वजनिक आरोग्य संशोधकांसाठी वेगळी फेलोशिप आहे आणि दंतवैद्य त्यात बसतात. मुदत पाच वर्षं. फेलोचं वेतन फेलोशिपमधूनच, त्यामुळे संस्थेत कायम पद असण्याची अट नाही, संस्थेनं यजमान व्हायला कबूल असणं पुरतं. तिसऱ्या टप्प्याला ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली, १५०० कोटींची. त्यातले १००० कोटी सरकारचे, ५०० वेलकमचे.

याशिवाय आरोग्य संशोधन विभागाची मनुष्यबळ विकास योजना आहे. तिच्यात करिअरमध्ये खंड पडलेल्या स्त्रियांसाठी वेगळी फेलोशिप असते. बाळंतपणानंतर कॉलेज सुटलेल्या एमडीएस मुली आपल्या दोन्ही जिल्ह्यांत किती आहेत ते बघा, आणि या योजनेला अर्ज किती जातात तेही बघा.

कास_पठार
बीडीएस तिसऱ्या वर्षाला आहे. आत्तापासून काही करता येतं का?

जावक_क्रमांक
येतं की. आयसीएमआरची एसटीएस ही विद्यार्थ्यांसाठीची योजना, १९७९ पासून चालू आहे. दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प, गाइड तुमच्याच कॉलेजातला, बीडीएस चालतं, इंटर्न चालत नाहीत. म्हणजे तुमच्याकडे वेळ कमी आहे. प्रश्न असा निवडा की नमुने दोन महिन्यांत खरंच भरतील. "सांगली जिल्ह्यातील मौखिक आरोग्य" हा दोन महिन्यांचा विषय नव्हे.

कृष्णाकाठ
जावक_क्रमांक यांच्या यादीला एक जोड. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची स्वतःची संशोधन अनुदानं आहेत, पण ती संलग्न कॉलेजांना. आपल्या पट्ट्यात अभिमत विद्यापीठंही आहेत आणि संलग्न कॉलेजंही, तेव्हा आपण कुठल्या दावणीला आहोत ते आधी बघावं.

पीएचडीबद्दल मात्र माझं मत वेगळं. नियमात एमडीएस चालते, पण परीक्षकांच्या टेबलावर समोर मूलभूत विज्ञानाची पीएचडी झालेले अर्जदार असतात. एमडीएसचा प्रबंध तीन वर्षांच्या कोर्समधला, तोही ओपीडी सांभाळून केलेला. पीएचडी नसेल तर त्याच्या बदल्यात काय दाखवणार?

पैलतीर
प्रशिक्षणाचा आराखडा दाखवायचा. 'के'च्या अर्जात तो वेगळा तपासला जातो. उमेदवार, करिअर विकासाचा आराखडा, संशोधनाचा आराखडा, मार्गदर्शक आणि वातावरण, अशा पाच गोष्टी बघतात. यात "मला हे येत नाही" असं लिहायला जागा आहे, किंबहुना ते लिहिलंच पाहिजे. सगळं येतं म्हटलं तर परीक्षक विचारतात, मग मार्गदर्शक कशाला? "मला निदान येतं, बायोप्सी येते, लाळेतल्या आरएनएचं (पेशींतल्या जनुकीय रेणूंचं) विश्लेषण आणि पाठपुरावा अभ्यासाची संख्याशास्त्रीय पद्धत येत नाही, पहिलं कोणाकडे, किती महिने, शिकल्याचा पुरावा काय" असं लिहायचं. इंडिया अलायन्सच्या मुलाखतीलाही याच तयारीनं जावं. "कार्यशाळांना उपस्थित राहीन" हा आराखडा नव्हे, ते टीए-डीएचं बिल झालं.

अजिंक्यतारा
आणि मार्गदर्शक आणायचा कुठून? कराड ते मिरज पट्ट्यात आरएनएवाला दंतवैद्य शोधणं म्हणजे वाईच्या घाटावर मासळीबाजार शोधणं.

तंबोरा
मार्गदर्शक दंतवैद्य असायलाच हवा हे कुणी सांगितलं? आजाराचा मार्गदर्शक इथला, तंत्राचा बाहेरचा. मुखकर्करोगासाठी खारघरचं अ‍ॅक्ट्रेक आहे, पेशीविज्ञानाला पुण्याचं एनसीसीएस. पण "सहकार्य करण्यास आनंद होईल" एवढ्यावर समाधान मानू नका. पत्रात किती तास, कुठलं यंत्र, कुणाच्या देखरेखीखाली, शोधनिबंधात नावांचा क्रम कसा, आणि नमुने कुणाच्या मालकीचे हे सगळं यायला हवं. शेवटच्या दोन गोष्टी आधी ठरल्या नाहीत तर तिसऱ्या वर्षी भांडण ठरलेलं. आणि स्वतंत्र संशोधक व्हायचं असेल तर मार्गदर्शकाचा विषय कुठे संपतो नि आपला कुठे सुरू होतो, हे एका वाक्यात अर्जात असावं. नाहीतर परीक्षक म्हणतात, हा मार्गदर्शकाचाच प्रकल्प आहे, सही फक्त दुसऱ्याची.

मुखपृष्ठ
फार उपयोगी. उद्दिष्टांचा कच्चा मसुदा टाकते, फाडा.

एक, सांगली जिल्ह्यातल्या मिश्री वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये चट्ट्यांचं प्रमाण काढणं. दोन, चट्टे असणाऱ्या आणि नसणाऱ्यांच्या लाळेतले सूक्ष्म-आरएनए तुलना करून निवडक संच ठरवणं. तीन, तो संच वापरून दोन वर्षांत कुणाचा चट्टा बिघडतो याचं भाकीत करणं.

पैलतीर
फाडतो. तिसरं उद्दिष्ट दुसऱ्यावर उभं आहे. दुसऱ्यात संच सापडला नाही तर तिसरं आडवं होतं आणि परीक्षक हे पहिल्या मिनिटात ओळखतो. तिसरं असं करा की संच सापडो न सापडो, पाठपुरावा चालूच राहील: ठरलेल्या अंतरानं तपासणी, फोटो, लागेल तिथे बायोप्सी. मग आरएनए त्यातलं एक मोजमाप होतं, सगळा डोलारा त्याच्यावर राहत नाही. दुसरं म्हणजे दोन वर्षांत कर्करोगात बदलणारे चट्टे मोजकेच निघणार. "बिघडणं" म्हणजे पेशीविकृतीची पायरी वाढणं, आकार वाढणं की कर्करोग, ते आधीच ठरवून लिहा.

संगम_माहुली
पहिल्या उद्दिष्टाचा नमुना आकार मांडतो, कारण इथे हमखास थाप असते. प्रमाण १० टक्के धरलं आणि ३ टक्के इकडे-तिकडे चालणार असेल तर १.९६ चा वर्ग गुणिले ०.१ गुणिले ०.९, भागिले ०.०३ चा वर्ग. उत्तर ३८४.१६, म्हणजे ३८५. बहुतेक प्रबंध इथेच थांबतात. पण तुम्ही गावं निवडून गावातल्या बायका तपासणार, म्हणजे समूह नमुना. एकाच गावातल्या, एकाच दुकानातली तंबाखू आणून तव्यावर भाजणाऱ्या बायका एकमेकींसारख्या असतात. त्यासाठी दीडपट धरा, ५७८. दहा टक्के नकार देतील, म्हणून ५७८ भागिले ०.९, साधारण ६४०. ३८५ आणि ६४० मध्ये संशोधन सहायकाचे काही महिने आणि गाडीचं डिझेल आहे, ते अंदाजपत्रकात दिसलं पाहिजे.

हे १० टक्के कुठून आणले तेही सांगावं लागेल. आपल्या भागातला छापील अभ्यास हवा, नसेल तर ५० जणींचा पूर्वअभ्यास करून घ्या. जागतिक तंबाखू सर्वेक्षणाचा २०१६-१७ चा धूरविरहित तंबाखूचा २१.४ टक्के हा आकडा देशाचा आणि वापराचा आहे, चट्ट्यांचा नव्हे. तो या सूत्रात घातलेला बरेचदा दिसतो.

कृष्णाकाठ
तपासणाऱ्यांचं जुळवणंही त्यातच लिहा. दोन तपासनीस असतील तर आधी एकाच संचावर दोघांनी स्वतंत्रपणे बघून 'कप्पा' (दोघांचं किती जुळतं त्याचा आकडा) काढायचा, ०.८ च्या वर आला तरच गावात उतरायचं. आणि कामाच्या दरम्यान दहा टक्के स्त्रियांची दुसऱ्यांदा तपासणी.

तंबोरा
आता लाळ. कागदावर सोपी वाटते, पण माती सगळ्यात जास्त इथेच होते.

छापील पद्धत म्हणते, सकाळी ९ ते ११ मध्ये, आधी किमान तासभर खाणं-पिणं बंद, तोंड पाण्यानं धुऊन पाच मिनिटं थांबायचं, मग मान पुढे करून लाळ आपोआप नळीत ओघळू द्यायची. खाकरायचं नाही. ५ मिलि भरेपर्यंत नळी बर्फात. आता मिश्री लावणाऱ्या बाईचा दिवस बघा. उठल्या उठल्या मिश्री, कारण त्याशिवाय पोट साफ होत नाही असा समज पक्का. कामाला जाताना परत एकदा. म्हणजे तुमची ९ ते ११ ची वेळ बरोब्बर दुसऱ्या मिश्रीवर येते. लाळ काळपट येते, तळाशी भुकटी बसते, हिरड्या घासल्यामुळे रक्ताचा अंश असतो आणि रक्तातले आरएनए तुमच्या निकालात घुसतात. म्हणून शेवटची मिश्री किती वाजता, बोटानं की ब्रशनं, हे प्रत्येक नळीसोबत नोंदवा. लालसर नळ्या वेगळ्या ठेवा, आणि त्या टाकायच्या की नाही हा नियम काम सुरू होण्याआधी लिहून ठेवा.

नंतर नळी सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवायची, ४ अंशाला १५ मिनिटं, २६०० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या २६०० पट जोर. इथे हमखास चूक. यंत्रावर फेरे असतात, जी नसतो. १० सेंमी त्रिज्येच्या रोटरला २६०० जी म्हणजे मिनिटाला साधारण ४८०० फेरे, १५ सेंमीला ३९०० च्या आसपास. "२६०० फेरे" लावलेत तर १० सेंमीला जेमतेम साडेसातशे जी मिळेल, पेशी वरच्या द्रवात राहतील आणि पेशींमधले आरएनए मोजून तुम्ही लाळेवर निबंध लिहाल. वरचं द्रव छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० ला. एकच मोठी नळी ठेवून दर वेळी वितळवायची नाही.

भडंगवाला
तंबोरा, तुमचा प्रतिसाद जेवताना वाचला. भडंगाची पुडी बाजूला ठेवलीय.

तंबोरा
ठेवा, तासभर काही खाऊ नका, मग नळी देतो.

अजिंक्यतारा
उणे ८० चा फ्रीझर आणि आपली वीज! अनुदानात फ्रीझर मागतात, त्याचा बॅकअप मागायचा राहतो.

तंबोरा
बरोबर. स्टॅबिलायझर, जनरेटरच्या लाइनवर जोडणी आणि तापमान चढलं की मोबाइलवर हाक देणारा अलार्म, हे तिन्ही उपकरणाच्या ओळीतच टाका. नंतर मागितलं तर मिळत नाही. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग दोन वेगळ्या इमारतींत. आणि सांगलीकरांनी फ्रीझर तळमजल्यावर ठेवायचा नाही. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी, २०१९ ला पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं होतं. परीक्षकाला "वातावरण" म्हणजे प्रयोगशाळेचा फोटो वाटतो, आपल्याकडे कृष्णामाईपण धरावी लागते.

हिशेबनीस
पैशांचं कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. अनुदान मिळणं सोपं, दुसरा हप्ता मिळणं अवघड.

३१ मार्चला वर्ष संपलं की खर्चाचा तपशील आणि विनियोग प्रमाणपत्र, ठरलेला नमुना जीएफआर १२-अ. ते वेळेत गेलं नाही की पुढचा हप्ता थांबतो आणि सहायकाचा पगार अडकतो. मग तो सोडून जातो आणि त्याच्याबरोबर गावातली ओळखही जाते. अनुदानाच्या रकमेवरचं व्याज तुमचं नाही, ते सरकारला परत जातं. सामान्य वित्तीय नियम २०१७ मध्ये ते स्पष्ट आहे. ते रसायनांवर खर्च केलं की लेखापरीक्षणात लाल शेरा ठरलेला.

गंमत म्हणून एक. कनिष्ठ संशोधन फेलोचं विद्यावेतन २०२३ पासून ३७,००० आहे, वर घरभाडं. सांगली केंद्राच्या घरभाड्याच्या यादीत वाय वर्गात येते, सातारा झेडमध्ये. वायचा दर झेडच्या दुप्पट. दोन्ही जिल्ह्यांत माणसं नेमणार असाल तर एकाच पदाच्या दोन रकमा धरा, सगळीकडे एकच आकडा टाकला की खुलासा मागतात.

अजिंक्यतारा
म्हणजे सातारकर झेड! हा अन्याय कंदी पेढे देऊनसुद्धा भरून निघणार नाही.

जावक_क्रमांक
खासगी संस्थांनी आणखी एक बघावं. आयसीएमआरसारख्या ठिकाणी बिगरसरकारी संस्थेला डीएसआयआरची (केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची) मान्यता मागतात आणि ती मुदतीची असते. अर्जाच्या दिवशी चालू हवी, "नूतनीकरणास पाठवले आहे" चालत नाही. नैतिक समितीचंही तेच. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ७ ते १५ सदस्य, गणपूर्तीला किमान पाच, अध्यक्ष संस्थेबाहेरचा, आणि आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी. समितीची बैठक कधी भरते ते विचारा आणि अंतिम तारखेपासून उलटं मोजा. हस्तक्षेप असलेली चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर (चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंद, १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही.

कृष्णाकाठ
पैलतीर, एनआयएचचे पैसे इथल्या संस्थेला येऊ शकतात ना? त्यांचं के-४३ आपल्यासारख्या देशांतल्या तरुण प्राध्यापकांसाठीच आहे.

पैलतीर
के-४३ ची रचना तशीच आहे, तिथला एक आणि इथला एक असे दोन मार्गदर्शक, आणि वर्षातले नऊ महिने इथेही. पण मे २०२५ मध्ये एनआयएचनं परदेशी उप-अनुदानं थांबवून नवी रचना आणायचं जाहीर केलं. त्यामुळे अमेरिकेतल्या मोठ्या अनुदानातला तुकडा इथे आणू, यावर पाच वर्षांचा बेत आखू नका. शिवाय परदेशी पैसे घ्यायला ट्रस्टला एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँक मुख्य शाखेत खातं लागतं, आणि परदेशी सहकार्याच्या प्रकल्पाला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी. लाळेच्या नळ्या कुरिअरनं पाठवून मोकळं होता येत नाही.

मुखपृष्ठ
सगळं एकत्र वाचल्यावर मूळ प्रश्नाकडे येते. इंडिया अलायन्स मिळालं तर पगार तिकडून. नाही मिळालं आणि एएनआरएफ किंवा आयसीएमआर मिळालं तर पगार कॉलेजचा, पण मग वेळ कॉलेजनं सोडायचा. म्हणजे दोन्हीकडे कॉलेजच्या पत्रावरच गाडी अडते. त्या पत्रात लिहायचं काय?

जावक_क्रमांक
"संस्था सर्व सहकार्य करेल" हे वाक्य असलेली पत्रं परीक्षक वाचतसुद्धा नाहीत. असं हवं: "अर्जदारास आठवड्यातील चार दिवस संशोधनासाठी मोकळे राहतील. सोमवार व गुरुवार ओपीडी व अध्यापन. उर्वरित चार दिवसांची ओपीडीची पाळी व प्रात्यक्षिकांच्या तुकड्या विभागातील अमुक पदावरील शिक्षकाकडे वर्ग करण्यात आल्या आहेत. हा कालावधी बढती व सेवाज्येष्ठतेसाठी पूर्ण सेवा धरला जाईल." सोबत विभागाचं नवं वेळापत्रक जोडा. पत्र चार दिवस म्हणतं आणि वेळापत्रकात बुधवारी तुमच्याच नावावर दोन तुकड्या, हे पकडलं जातं.

अजिंक्यतारा
आणि असं पत्र कुठला अधिष्ठाता देईल? शिक्षकांची संख्या नियमाला टेकलेली. चार दिवस सोडले तर तुकडी घ्यायची कुणी?

कृष्णाकाठ
मागताना नुसतं मागू नये, बदल्यात काय ते ठेवावं. अनुदानाचा वरखर्च संस्थेला जातो, उपकरणं संस्थेची होतात, नॅकच्या फाइलला अनुदानाची रक्कम लागते, पीएचडीचे विद्यार्थी येतात. हे एका पानावर आकड्यांसह मांडलं तर व्यवस्थापन ऐकून घेतं. आणि चार दिवस नाही जमले तर अडीच दिवसांचं खरं पत्र घ्या, उद्दिष्टं तीनाची दोन करा. चार दिवसांचं खोटं पत्र दुसऱ्या वर्षीच्या प्रगती अहवालात उघडं पडतं.

अजिंक्यतारा
अडीच दिवस पटतं. ७५ टक्क्यांचं आपल्याकडे कुणी मागतच नसेल तर उगाच का झुरायचं.

पैलतीर
झुरू नका, पण अडीच दिवस सलग मागा. रोज दुपारी दोन तास म्हणजे अडीच दिवस नव्हेत. दोन तासांत खेडेगावात जाऊन नमुना आणून बर्फात घालून फिरवून उणे ८० ला ठेवता येत नाही. आणि जमलं तर मंगळवार-बुधवार.

संगम_माहुली
मंगळवार-बुधवार का?

कृष्णाकाठ
सोमवारी ओपीडी तुंबलेली असते. गावातला बाजाराचा वार बघून ठरवा मात्र, त्या दिवशी बायका घरी सापडत नाहीत.

मुखपृष्ठ
पत्राचा मसुदा अडीच दिवसांचा करते, तिसरं उद्दिष्ट पैलतीर म्हणाले तसं बदलते. सही अधिष्ठात्यांची पुरेल ना?

जावक_क्रमांक
अभिमत असेल तर कुलसचिवांची लागते, ट्रस्टचं कॉलेज असेल तर कायदेशीर सहीचा अधिकार कुणाला आहे ते ठराव काढून बघा. लेटरहेड, शिक्का, तारीख. आणि नावच तसं घेतलंय म्हणून सांगतो, जावक क्रमांक. तो नसलेलं पत्र वर्षभरानं दाखवलं की कार्यालय म्हणतं, असं पत्र आमच्याकडून गेलंच नाही.

भडंगवाला
जावक क्रमांक घेताना कार्यालयात पुडी न्या. बिनलसणाची, तिथं गुरुवार पाळतात.